पाला उलटणाऱ्यांचा खण

फोन आला तेव्हा मी मोहरी शोधत होते. इतकी वर्षं झाली या स्वयंपाकघरात, तरी फोडणीच्या वेळी माझा हात जिऱ्याच्या शेजारीच जातो, आणि तिथं मोहरी नसते, शहाजिरं असतं. तेल तापून धूर यायला लागला होता. फोनवर इस्पितळातली नर्स होती. तिनं आधी माझं नाव विचारून खात्री केली आणि मग म्हणाली, फ्राऊ दातार, म्हणजे आमच्या शरयूताई, आज सकाळी गेल्या, त्रास झाला नाही. मी शेगडी बंद केली. तिनं लगेच पुढचं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, शेजारीण, वरच्या मजल्यावरची. नातेवाईक कोणी? एक भाऊ आहे मिरजेला, त्यांचे गुडघे गेलेत, ते येऊ शकणार नाहीत. "आल्झो, म्हणजे इथं त्यांचं कोणी नाही," ती म्हणाली आणि पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. मला राग आला, पण बोलायचं त्राण नव्हतं. गेले चार-पाच महिने नुसती ये-जा चालली होती, घर, मुलीची शाळा, इस्पितळ, पुन्हा घर... आणि त्या सगळ्यात शरयूताईंचं एक काम राहून गेलं होतं. त्यांना स्वतःच्या हातानं ते करायचं होतं. एका पक्ष्याला एका खणातून दुसऱ्या खणात ठेवायचं, एवढंच. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं.

आम्ही २००१ साली जर्मनीत, येनाला आलो. माझा नवरा मंदार भिंगांच्या एका कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचा, ईरा तीन वर्षांची होती, आणि मी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून लोबेडा वस्तीतल्या प्लाटेनबाऊच्या, म्हणजे त्या एकसारख्या काँक्रीटच्या इमारतींपैकी एकीच्या, सहाव्या मजल्यावर खिडकीबाहेर बघत बसलेली. एके दिवशी दुपारी मी इडलीचं पीठ वाटत होते, तर बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत बाई. पांढरे केस अगदी कानापर्यंत कापलेले, अंगात पुरुषी लोकरी जाकीट. ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "एक ते तीन मिक्सर लावायचा नाही. इथं दुपारची रूहे असते, शांतता पाळायची. खालच्या बाईला त्रास होतो." मी ओशाळले. म्हटलं, सॉरी, मला माहीत नव्हतं, त्यांना सांगाल का प्लीज? "सांगायचं काय त्यात? मीच खालची बाई," असं म्हणून त्या बूट काढून सरळ आत आल्या. या गावात घराबाहेरच्या माणसाकडून कानावर पडलेलं पहिलं मराठी बोलणं हे असं रागावण्याचं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की चहा टाकता टाकता रडूच आलं.

शरयूताई मिरजेच्या. सत्तरच्या दशकात प्राणिशास्त्राची शिष्यवृत्ती मिळवून त्या तेव्हाच्या पूर्व जर्मनीत आल्या. पुढं तो देशच राहिला नाही, पण त्या त्याच फ्लॅटमध्ये, इथल्या एका संस्थेच्या पक्षीसंग्रहातल्या त्याच नोकरीत राहिल्या. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या पहिल्याच दिवशी साखर शोधताना त्यांनी माझा मसाल्याचा खण उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मोहरी जिऱ्याशेजारी?" मी म्हटलं, ताई, फोडणीला दोन्ही लागतात ना. "लागतात म्हणून काय झालं? नातं आहे का त्यांचं? कामाला एकत्र येतात म्हणून माणसं भाऊ-बहीण होत नाहीत." आणि मी बघत असताना त्यांनी सगळ्या बरण्या बाहेर काढून नव्यानं लावल्या. जिरं, शहाजिरं, ओवा, बडीशेप, धणे, सगळी एका घरातली. त्यांच्या शेजारी हिंग. "हिंगाचा वास निराळा म्हणून तुम्ही लोक त्याला वेगळा काढता. तोही याच घरातला आहे." मोहरीची रवानगी अगदी मागच्या कोपऱ्यात झाली, कारण ती म्हणे कोबीच्या नात्यातली. हिंगाच्या शेजारी त्यांनी एका बरणीएवढी जागा रिकामी सोडली. मी तिथं हळद ठेवायला गेले तर हात धरला. "असू दे. एखादा राहून गेलेला असतो. तो मागाहून आला तर त्याला जागा नको?" मी मनात म्हटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. पुढं त्या रिकाम्या जागेत मी कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबरबँड टाकायला लागले. त्या आल्या की रबरबँड उचलून ओट्यावर ठेवायच्या, गेल्या की मी परत टाकायची. आमचं हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. घरी बसून माझं तोंड आंबट व्हायला लागलेलं त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ईराला किंडरगार्टनला सोडलंस की ये माझ्याकडे, पगार नाही, पण डोकं चालू राहील. तशी मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या संग्रहात जायला लागले. तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीला डांबरगोळ्यांचा वास असायचा. लोखंडी कपाटं, त्यात सपाट खण, आणि खणांत कापूस भरलेले पक्षी उताणे निजवलेले, पायांना चिठ्ठ्या बांधलेल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी अमेरिकेतून जहाजानं पाठवलेले. त्यातले दोन-तीन खण शरयूताईंचे. म्हणजे कागदोपत्री ते संस्थेचेच, पण त्यांत हात घालायची कुणाची छाती नव्हती. त्यांत थ्रॅशर नावाचे पक्षी. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हटलं, अहो ताई, हे तर आपले सातभाई. तसाच मातकट रंग, तशीच जमिनीवर वावरायला केलेली दणकट तंगडी. शरयूताई हसल्या. "मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर अडकले यांच्यात. हे चोचीनं पाला दोन्हीकडे उडवतात, सपासप, आणि खालचे किडे खातात. मिरजेत आमच्या परसात सातभाई हेच करायचे. पण सातभाईंशी यांचं काही नातं नाही. यांची जवळची मंडळी म्हणजे साळुंक्या." साळुंक्या? मी त्या लांब, वाकड्या चोचीकडे बघत राहिले. "इथले लोक यांना द्रोसेल, म्हणजे कस्तूर, म्हणतात. तेही खोटंच. नाव पडतं ते दिसण्यावरून," त्या म्हणाल्या.

तिथले दोन नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले. एक, पक्ष्याच्या पायाची जुनी चिठ्ठी काढायची नाही, कधीच नाही. मत बदललं की नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी बांधायची. काही पक्ष्यांच्या पायाला चार-चार चिठ्ठ्या होत्या, दर पिढीनं आपलं म्हणणं बांधलेलं. दोन, कुठलाही खण काठोकाठ भरायचा नाही. मला बँकेची सवय, मी कपाटं नेटकी आणि गच्च लावायला जायची आणि त्या वैतागून म्हणायच्या, "अगं, जागा ठेव." मी चिठ्ठ्यांवरची जुनी जर्मन अक्षरं लावून नवी यादी टंकत बसायची. त्या भिंगातून चोची बघायच्या. दुपारी डबा खाऊन आम्ही मागच्या रानात एक चक्कर मारायचो. तिथं त्या हातातल्या काठीनं पाला उलटत चालायच्या, काही शोधत नसताना. ईरा सोबत असली की तीही बुटानं पाला उडवायची. "शरयूआजी, इख बिन आउख आयन थ्रॅशर," मीसुद्धा थ्रॅशर, असं ती एकदा म्हणाली. त्या मराठीत विचारायच्या, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान जमायचं.

आता त्या एका पक्ष्याविषयी. थ्रॅशरांत एक लहानखुरा आहे, सेज थ्रॅशर. कोरड्या माळरानावरच्या झुडपांत राहणारा. इतरांहून चोच आखूड, छातीवर बारीक रेघा. तो खरंच थ्रॅशरांतला की नाही, यावर पक्षी अभ्यासणाऱ्यांत जुना वाद. शरयूताईंनी तरुणपणी हाडं, चोची, पाय मोजून आणि तो पाला कसा उडवतो याची वर्णनं जमवून एक भलामोठा प्रबंध लिहिला होता. तो थ्रॅशरच, असं त्यात ठामपणे मांडलेलं. त्यांचं नाव झालं ते त्यावर. पण आम्ही येनात आलो त्या सुमाराला डीएनएवरून निराळंच दिसायला लागलं होतं. सेज थ्रॅशर म्हणे मॉकिंगबर्डांच्या, म्हणजे त्या नकल्या पक्ष्यांच्या घरातला. कॅरिबियन बेटांवरचे काही थ्रॅशरसुद्धा थ्रॅशर नव्हेतच, त्यांचं गोत आणखी तिसरं. संग्रहावर नवी प्रमुख आली होती, हेनरिके, तिशीतली, अतिशय सौम्य मुलगी. ती दर काही महिन्यांनी नवा निबंध छापून त्यांच्या टेबलावर ठेवून जायची. शरयूताई तो उलटा घालून त्यावर चहाचा कप ठेवायच्या. "थेंबभर रक्तावरून मला सांगणार, कोण कुणाचं ते," त्या जिन्यातून चढताना मला म्हणायच्या. "मी आयुष्य घातलंय त्यात." त्या काळात त्या फार तिरसट झाल्या होत्या. ईरालासुद्धा टाकून बोलायच्या. एकदा तर मी वैतागून म्हटलं, ताई, पक्षी मेलेत, त्यांना फरक पडत नाही, तुम्ही कशाला जीव जाळता? त्यावर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग एका हिवाळ्यात त्या वर येईनाशा झाल्या. खालच्या फ्लॅटमध्ये दिवा असायचा, पण बेल वाजवली तर "काम आहे" एवढंच. सगळे निबंध आणून त्या घरी वाचत बसल्या होत्या, हे मागाहून कळलं. एका रविवारी दुपारी आल्या. मी पिठलं-भात केला होता. मंदारनं ताट वाढलं. दोन घास खाऊन त्या म्हणाल्या, "मी चुकले गं." मला वाटलं काहीतरी घरगुती असेल. "तो थ्रॅशर नाही. पाला उलटतो म्हणून मी त्याला पाला उलटणाऱ्यांत घातला. आमच्या परसातले सातभाई माझ्या डोळ्यांत बसले होते, दुसरं काय..." मंदार बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, ताई, इतक्या वर्षांपूर्वीचं आहे, कोण विचारतंय? "मीच विचारतेय," त्या म्हणाल्या. "मी त्याला चुकीच्या घरात घातलाय. आता मीच माझ्या हातानं बाहेर काढून त्याच्या माणसांत नेऊन ठेवणार. हेनरिकेला हात लावू देणार नाही." मग त्यांनी लोणचं मागून घेतलं आणि नीट जेवल्या.

त्याच वसंतात त्यांचं दुखणं निघालं. स्वादुपिंडाचं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. हेनरिके म्हणाली, तुम्ही घरी विश्रांती घ्या, खणांचं आम्ही बघू. शरयूताईंनी तिला नुसतं "नाइन", नाही, एवढंच म्हटलं. तेव्हापासून आमचं ते काम रडतखडत सुरू झालं. बरं वाटत असेल त्या दिवशी मी त्यांना श्ट्रासेनबानमधून, म्हणजे ट्राममधून, न्यायची. दोन थांब्यांतच त्या दमायच्या. संग्रहात पोचल्यावर आधी खुर्चीवर बसून राहायच्या, मग एक-एक पक्षी दोन्ही हातांवर घेऊन पलीकडच्या खणात ठेवायच्या, नवी चिठ्ठी बांधायच्या, पुन्हा बसायच्या. बेटांवरचे सगळे त्यांनी असे हलवले. एका खणाला कधी पंधरवडा लागायचा. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू... पाठ दुखायची, घरी ईराचा गृहपाठ राहिलेला असायचा, स्वयंपाक राहिलेला असायचा. आणि सेज थ्रॅशरचा खण त्या उघडतच नव्हत्या. मी म्हणायची, ताई, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो आधी हलवा ना. तर म्हणायच्या, "त्याला शेवटी." एकदा खण बाहेर ओढला, बघितलं आणि परत आत सरकवला. "आज नको. पुढच्या खेपेला." पुढची खेप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या न्हाणीघरात पडल्या आणि इस्पितळातल्या श्टाटिओनवर, म्हणजे वॉर्डात, गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

शेवटची भेट शनिवारी दुपारी झाली. ईराला घेऊन गेले होते. तिनं इस्पितळाच्या आवारातली मोठमोठी मेपलची पानं खिशात भरून आणलेली. ती तिनं त्यांच्या पांघरुणावर पसरली आणि शरयूताईंनी एका बोटानं एक पान उलटलं. खाली काही नव्हतं. ईरा हसली, त्याही हसल्या. मग मला म्हणाल्या, "हलवला का तुम्ही लोकांनी?" मी म्हटलं, नाही, तुमच्याशिवाय कोण हात लावणार? त्या बराच वेळ डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोप लागली. "मग तू हलव," त्या म्हणाल्या. ताई, मी कशी, मला त्यातलं काय कळतं, हेनरिके आहे ना... "हेनरिकेला मी नाही म्हटलंय. तू माझी आहेस ना? मग तू हलवलास म्हणजे मीच हलवला. जुनी चिठ्ठी काढू नकोस." कुठं ठेवायचा, मी विचारलं. "खण उघडलास की दिसेल," त्या म्हणाल्या आणि खरंच झोपल्या. सोमवारी सकाळी तो फोन आला.

पुढचे दिवस कागदपत्रांत गेले. मिरजेला भावाशी बोलणं, त्यांचं तिकडून रडणं, इकडच्या कचेरीत दर खिडकीला तोच प्रश्न, तुम्ही त्यांच्या कोण. मी शेजारीण, शेजारीण म्हणून थकले. दहनानंतर अस्थी इथल्याच दफनभूमीत ठेवल्या, काही मी मिरजेला पाठवायला वेगळ्या काढून मागितल्या तर नियमात बसत नाही म्हणाले. भावाला काय सांगावं कळेना. शेवटी मंदारनंच फोन केला. त्या आठवड्यात मी संग्रहाचं नाव काढलं नाही. हेनरिकेनंच फोन केला. म्हणाली, नव्या वर्षात कपाटं रंगवायला काढायची आहेत, त्याआधी त्या खणातले सेज थ्रॅशर हलवावे लागतील, तुम्ही याल का? मी म्हटलं, मी संस्थेची कोणीच नाही, चालेल का? "गेनाऊ, अगदी बरोबर, संस्थेच्या नाही. त्यांच्या आहात. त्यांनी मला तसं सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी गेले. हेनरिकेनं मला हातमोजे दिले आणि ती दाराशी उभी राहिली, आत आली नाही. थ्रॅशरांचा खण ओढला. सेज थ्रॅशर एका बाजूला, त्या जातीचे चारच. पायांना पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, त्यातली एक शरयूताईंच्या तरुणपणच्या ताठ अक्षरातली. मी चौघांना ट्रेमध्ये घेतलं. वजन काहीच नव्हतं. मग पलीकडच्या कपाटातला मॉकिंगबर्डांचा खण उघडला. करड्या पक्ष्यांच्या ओळी डाव्या कडेपासून लागलेल्या, आणि मध्येच, दोन ओळींच्या मधे, हातभर जागा मोकळी. या जुन्या पक्ष्यांच्या अंगातली चरबी वर्षानुवर्षं झिरपते आणि खालच्या कागदावर तपकिरी डाग पडतात. त्या मोकळ्या जागेत एकही डाग नव्हता. तिथं कधीच कुणी ठेवलेलं नव्हतं. कागद मात्र बाकी खणाइतकाच जुना, पिवळा. मी हेनरिकेकडे बघितलं. ती म्हणाली, "हो, ती जागा मी आले त्याआधीपासूनची आहे. हा खण त्यांनीच लावलाय, प्रबंध लिहीत होत्या त्याच वर्षी. आम्हाला खण पुरत नाहीत, मी एकदा विचारलं होतं, ही वाया का घालवायची? त्या म्हणाल्या, असू दे." मी तिथंच खुर्चीवर बसले. त्यांची खुर्ची. म्हणजे ज्या दिवसांत त्या जगाशी भांडून सांगत होत्या की तो थ्रॅशरच, त्याच दिवसांत त्यांनी इकडं त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. आयुष्यभर तिच्यात दुसरं काही ठेवू दिलं नाही. मला फार रडायला आलं आणि मी रडले. हेनरिके दाराशीच उभी होती, तिनं मला रडू दिलं. मग मी चौघांना तिथं निजवलं, नव्या चिठ्ठ्या लिहून जुन्यांशेजारी बांधल्या. माझं अक्षर वाकडंतिकडं आलं. चौघे तिथं बसले आणि तरी शेजारी एकाची जागा उरली.

घरी आले, तर मंदार मसाल्याचा खण उपसून बसला होता. म्हणाला, तुला फोडणीला त्रास होतो रोज, मोहरी आता पुढं आणू या का, जिऱ्याजवळ? त्याच्या मनात चांगलंच होतं. मी नको म्हटलं. मोहरी मागच्या कोपऱ्यात परत ठेवली, जिऱ्या-धण्यांना त्यांच्या जागी लावलं. हिंगाच्या शेजारचे रबरबँड एक-एक करून उचलले, बरेच साठले होते, आणि ओट्यावर ठेवले. ईरा बाजूला उभी होती. तिनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "वास कोम्ट दा राइन?" तिथं काय येणार. मला तिला सगळं सांगावंसं वाटलं, पण खूप दमले होते मी.

"असू दे," मी म्हटलं.